चुकून खाल्लेली चरबी

हुप्पीमनं चरबी खाल्ली, ही गोष्ट खरी आहे. मेंढ्यांची लोकर कातरून झाली, त्या दुपारी त्याच्या अंगणात बोकड कापला होता. गुर्द्याभोवतीची चरबी परमेश्वराची, ती वेदीवर जाळायची, माणसानं तोंडात घालायची नाही, हे एफ्राइमच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हुप्पीमलाही ठाऊक होतं. पण ती निखाऱ्यावर चरचरली, वास सुटला, आणि त्यानं ती सातूच्या भाकरीवर घेऊन, वर मीठ भुरभुरून खाल्ली. बाजूला बसलेल्या शेजाऱ्यानं, झब्दीनं, आपलीही भाकर पुढं केली.

त्या दिवसापासून हुप्पीमला झोप लागेना. देवाच्या ताटातलं उचलून खाल्लं, ही गोष्ट त्याच्या मनाला खरोखरच लागली होती. शेवटी कळपातली एक वर्षाची, बिनखोडीची शेळी निवडून तो टेकडीवरच्या पवित्रस्थानी गेला. पाप फेडायला जनावर वाहायचं, त्या पापार्पणाची रांग दाराबाहेर आली होती. त्याच्या पुढंच झब्दी शेळी घेऊन उभा होता.

तिथली कार्यपद्धती सोपी होती. तिथले पुजारी, यखीन याजक, प्रत्येकाला विचारत, पाप कळून घडलं की चुकून. चुकून घडलेल्या पापासाठी शेळीची तरतूद होती, आणि तरतूद असल्यामुळे त्या मुलखात सगळी पापं चुकूनच घडत. एकानं शब्बाथाच्या, म्हणजे सक्तीच्या विसाव्याच्या दिवशी लाकडं फोडली होती, कारण वार विसरला. झब्दीनं सांगितलं की अंधार होता, मांस समजून चरबी खाल्ली गेली. गेल्या वर्षीही अंधारच होता, त्याच्या आदल्या वर्षीही. याजकांनी सहानुभूतीनं मान हलवली, झब्दीनं शेळीच्या डोक्यावर हात ठेवला, विधी झाला, आणि तो स्वच्छ होऊन घरी गेला.

"कळून की चुकून?" याजकांनी हुप्पीमला विचारलं.

"कळून."

शेळीच्या दोरीकडे गेलेला याजकांचा हात थांबला. "नीट आठव. अंधार असेल."

"भर दुपार होती, याजकबुवा. मीठ लावून खाल्ली."

"कळून केलेल्या पापाला शेळी नाही रे बाबा."

"मग काय आहे?"

"उच्छेद. असा माणूस आपल्या लोकांतून तोडला जातो."

"कोण तोडतं?"

"परमेश्वर. आमच्याकडे ते काम येत नाही."

मग याजकांनी त्याला बाजूला घेऊन मायेनं समजावलं. शेळी चांगली भरलेली होती. पापार्पणाचं मांस नियमानुसार याजकांनीच खायचं असतं, त्यामुळे यात त्यांचा स्वतःचा काही स्वार्थ नव्हता. घरी जा, शांतपणे आठव आणि उद्या ये, असं ते म्हणाले.

घरी त्याची बायको हेला वैतागली. "अहो, एका शब्दानं काय तुमची जीभ झिजणार आहे? सगळं गाव तोच शब्द बोलतं."

दुसऱ्या दिवशी हुप्पीम "चुकून" म्हणाला. रक्त वेदीच्या कोपऱ्यांवरच्या शिंगांना लागलं, चरबी रीतसर जळाली. अर्धी टेकडी उतरेपर्यंत त्याला हलकं हलकं वाटलं. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण वेदीपुढं खोटं बोललो. म्हणजे हे नवीन पाप. हुप्पीम शिस्तीचा माणूस होता. तो घरी गेला आणि दुसरी शेळी घेऊन आला.

"आता काय?" याजकांनी विचारलं.

"वेदीपुढं खोटं बोललो."

"कळून की चुकून?"

हुप्पीमनं बराच विचार केला. "चुकून," तो म्हणाला, आणि तिसरी शेळी लागू झाली.

पुढं ते चालूच राहिलं. प्रत्येक शेळी आधीचं खोटं फेडायची आणि नवं ओढवून घ्यायची. हुप्पीमची कीर्ती वाढली. असा धार्मिक माणूस पंचक्रोशीत नाही, असं लोक म्हणू लागले. याजकांनी त्याला रांगेशिवाय आत घ्यायला सुरुवात केली. तरुण याजकांच्या अंगावर चांगलं मांस चढलं आणि हुप्पीमचा गोठा रिकामा झाला. उरली फक्त एक काळी शेळी. तिची आई मेल्यावर हेलानं तिला बोटानं दूध चाटवून वाढवलं होतं.

"हिला नका नेऊ," दोरी घट्ट धरून हेला म्हणाली.

"मग पाप कसं फिटायचं?"

"आता खरं सांगून टाका. खऱ्याला शेळी लागत नाही ना?"

तरी हुप्पीम शेळी घेऊनच वेदीपुढं उभा राहिला आणि याजकांनी विचारायच्या आत म्हणाला, "कळून. चरबीही कळून खाल्ली, खोटंही कळून बोललो."

मागं रांगेत कोणीतरी काळजीच्या सुरात पुटपुटलं, "मग आमचं काय?" हुप्पीमची नजर झब्दीकडे गेली, नाव मात्र त्यानं घेतलं नाही. झब्दी आपल्या शेळीच्या खुरांकडे बघत राहिला. याजकांनी काळी शेळी परत केली आणि पुढच्याला बोलावलं.

घरी येऊन हुप्पीम तोडलं जाण्याची वाट बघत बसला. वरून काही हालचाल दिसेना. खाली मात्र विहिरीवर हेलाचा घडा सगळ्यांच्या शेवटी भरला जाऊ लागला, चुलीला कोणी निखारा देईना, आणि झब्दीनं दोन अंगणांमधली भिंत वाढवली. परमेश्वरानं अजून सुरुवातही केली नव्हती. गावानं काम उरकून टाकलं होतं. हेला काळ्या शेळीला कुरवाळत रडायची. हुप्पीमला मात्र आता झोप लागत होती.

पुढच्या कातरणीला झब्दीकडं मेजवानी झाली. हुप्पीमला बोलावणं नव्हतं. तो भिंतीअलीकडं बसून ऐकत होता. तिन्हीसांजेला तिकडं दिवा लागला, निखारे चरचरले, ओळखीचा वास आला.

"अरे, अजून उजेड आहे," झब्दीचा आवाज आला.

लगेच कोणीतरी दिवा विझवला. मग बराच वेळ नुसता चावण्याचा आवाज येत होता.

फुंकर कोणी मारली, याची चौकशी याजकांनी केली नाही, आणि आपणही करू नये. पंगतीत दिव्याजवळ तुम्हीच बसला होतात. चुकून श्वास जोरात सुटला असेल.