परबांच्या मनगटांवरची भाऊबंदकी

परबकाकांना "कसे आहात?" असं कधी विचारू नका. ते आधी डावं मनगट बघतात, मग उजवं, आणि मग न्यायाधीशाने निकाल राखून ठेवावा तशा चेहऱ्याने तुमच्याकडे बघतात.

"डावा म्हणता, बरो आसस. उजवा म्हणता, मेलस. आता तूच सांग गो, कोणाचा ऐकू?"

दोन्ही मनगटांवर घड्याळं. वेळ बघायची नव्हेत, नाडीचे ठोके मोजणारी. उजवं मुलीने, नंदिनीताईने, हैदराबादहून पाठवलेलं. त्याचे आकडे तिकडे तिच्या मोबाईलवर उमटतात. डावं सोसायटीच्या पूजेच्या सोडतीत लागलेलं. या दोघांचं एकमेकांशी आजवर पटलेलं नाही. उजवं नव्वद म्हणालं की डावं साठावर अडून बसतं. "भाऊबंद आसत," काका म्हणतात. "एका फणसावर दोघांचो दावो."

जोगेश्वरी पूर्वेच्या आमच्या इमारतीत मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. पदपथ, पाणी, दवाखान्यातल्या रांगा यांवर पत्रकं काढून वाटणं हा माझा उद्योग, म्हणून काका मला नावाने हाक मारत नाहीत. "काय गो पत्रकवाली, आज कोणाची वाट लावलीस?" अशी सकाळ सुरू होते.

कोणतं घड्याळ खरं बोलतं ते ठरवायला काकांनी साक्षीदार जमवले. भांडीवाल्या मावशी, गॅसचा सिलेंडर घेऊन आलेला माणूस, मतं मागायला आलेला उमेदवार, सगळ्यांच्या हातांना त्यांनी दोन्ही घड्याळं बांधून बघितली. आश्वासनं देताना उमेदवाराचे ठोके दोन्हीकडे जराही हलले नाहीत. "सरावलेलो आसा," काका कौतुकाने म्हणाले.

इथवर गंमत होती. मग पखवाजावर गदा आली.

दर गुरुवारी संध्याकाळी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये भजन असतं आणि पखवाज काकांचा. एका गुरुवारी गजर ऐन रंगात आलेला असताना उजवं घड्याळ किंचाळलं. पाठोपाठ मोबाईल वाजला. काकांनी स्पीकर लावला आणि सगळ्या मंडळाने ऐकलं.

"बाबा, पखवाज खाली ठेवा! आत्ताच्या आत्ता!"

"अगो, गजर चाललोहा."

"गजर राहू दे! एकशे अडुसष्ट दाखवतंय! आजपासून पखवाज बंद म्हणजे बंद."

पखवाजाला गवसणी चढली. पुढच्या गुरुवारी मंडळाने गोरेगावचा एक माणूस बोलावला. काका गुडघ्यांवर हात ठेवून कोपऱ्यात बसले आणि शेवटी मला म्हणाले, "ह्यो पखवाज वाजवता की चादर झाडता?"

मला अन्याय दिसला की गप्प बसवत नाही. मी काकांना डॉक्टरांकडे नेलं. कार्डिओग्राम निघाला. ठोके सरळ, वयाच्या मानाने उत्तम. खुशाल वाजवा, डॉक्टर म्हणाले. म्हणजे गुन्हेगार मनगटावर होता. मी पत्रकासाठी पुरावे गोळा करायला बसले.

डावं घड्याळ उलटं करून बघितलं, तर त्याच्या पोटाला वाळलेली कणीक. पखवाजाचा डावा आवाज घुमावा म्हणून त्या बाजूला ओली कणीक थापतात. ती थापताना आणि वाजवताना काका घड्याळ काढत नसत. नाडी बघणारा हिरवा दिवा सगळा वेळ कणकेत तोंड खुपसून बसला होता. उजव्याची गोष्ट वेगळी. गजरात उजवा हात पळतो, आणि ते हाताच्या थापा मोजून हृदयाच्या नावावर लावत होतं.

खात्री करायला मी उजवं घड्याळ काढून ओट्यावरच्या दुध्याला बांधलं. थोडा विचार करून घड्याळाने दुध्याचे ठोके सांगितले. चौऱ्याहत्तर.

काकांनी दुधी उचलून कानाला लावला. "माझ्यापरीस ह्येची तब्येत बरी," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी त्याची भाजी केली नाही. जित्या जिवाला कापायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता.

मी मात्र पेटले होते. घड्याळाच्या खोक्यावर 'तुमच्या हृदयाचा विश्वासू सोबती' हे बोटभर अक्षरांत, आणि 'हे वैद्यकीय उपकरण नव्हे' हे मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत! बसल्या बैठकीला मजकूर लिहिला. 'नागरिकहो, तुमच्या हृदयाच्या नावाने दुध्याचे ठोके खपवले जात आहेत!'

"पहिली प्रत नंदिनीताईला," मी म्हटलं. "आजच बंदी उठते की नाही बघा."

"नको."

"नको काय? तुम्हाला वाजवायचं नाही?"

"वाजवतलंय मी. डॉक्टर बोललो ना? पण तिका कळवू नको."

"काका, ती तिकडे घाबरते. हे बरोबर नाही. मी तुमच्या तोंडावर सांगते."

काका गवसणीची नाडी उगाच सोडत आणि बांधत बसले. "तुझा खरा आसा गो. पण काकी गेल्यापासून ह्या घरात माझ्यार ओरडणारा कोण रवलाहा? घड्याळ खोटा हा कळला, मगे ती ओरडतली कित्याक?"

मला हे पटलं नाही. एकटेपणा असला म्हणून पोटच्या पोरीला खोट्या आकड्यांनी घाबरवायचं? मी घरी आले आणि नंदिनीताईला फोन लावला. कणीक, थापा, दुधी, कार्डिओग्राम, सगळं सांगून टाकलं.

ती हसायला लागली. "दुधी नवीन आहे. बाकी मला केव्हाच कळलंय गं. पहिल्या दिवशी मी घाबरले होते, मग डॉक्टरांना मीही विचारलं. ठोके फक्त गुरुवारीच चढतात, तेही भजनाच्या वेळेला. एवढी काही मी वेडी नाही."

"मग बंदी कशाला चालू ठेवलीस?"

"आई गेल्यापासून मी दर रविवारी फोन करायचे. 'जेवलात?' 'जेवलंय.' संपलं. पुढे काय बोलायचं ते त्यांना सुचायचं नाही, मलाही नाही. त्या गुरुवारी मी ओरडले, तर भजन संपल्यावर बाबा परत फोन करून अर्धा तास भांडले माझ्याशी. आई पखवाजावरून कशी तणतणायची, ते सगळं आवाज काढून सांगितलं. मी कधी ऐकलंच नव्हतं ते. आता परत आकडा चढू दे, मी खोलीचं दार लावून घेते आणि ओरडायला बसते. तू त्यांना सांगू नकोस हं."

दोघांनी मला एकाच गोष्टीची शपथ घातली होती. पत्रक मी छापलं, कारण जे खोटं आहे ते खोटंच आहे. फक्त आमच्या इमारतीत वाटलं नाही.

परवाच्या गुरुवारी मी हॉलच्या दारात उभी होते. गजर चढला, काकांचा उजवा हात पळू लागला आणि घड्याळ किंचाळलं. मंडळाने सवयीने झांजा खाली ठेवल्या. कोणीतरी चहाचा थर्मास उघडला. काका मोबाईल घेऊन जिन्यापाशी गेले.

"नाय थांबणार!" ते गरजले. "काय करतलस ता कर!"

आणि भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून, पायरीवर ऐसपैस बसले.