माया गेली, एसटीनं

अकोल्याच्या सहदेव गावंडेनं एका रविवारी सकाळी टक्कल करायचं ठरवलं. डोकं त्याचं, केस त्याचे (जे काही उरले होते ते), त्यामुळे यात दुसऱ्या कोणाचा जीव जाईल असं त्याला वाटायचं काही कारण नव्हतं.

सहदेव एका सरकारी कचेरीत मोठा बाबू होता आणि कचेरीबाहेर सत्याचा चौकीदार. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी काही टाकलं, की चहा निवायच्या आत सहदेवचं उत्तर हजर: ‘हे खोटं आहे.’ साप दूध पीत नाही. मासे खाऊन दूध प्यायल्यानं कोड फुटत नाही. टरबुजाची बी गिळली तर पोटात वेल येत नाही. उचकी लागली म्हणजे कोणी आठवण काढतंय असं नसतं. (‘आणि तुमची तर कोणीच काढत नाही,’ असं त्यानं एका साडभावाला गमतीत लिहिलं होतं. साडभावानं ते गमतीत घेतलं नाही.)

“तुमाले काय करा लागते?” त्याची बायको माया म्हणायची. “लोकाईले उचकीत आनंद भेटते तर भेटू द्या ना.”

पण माणसाचं असं असतं, दुसऱ्याच्या डोक्यातला गैरसमज त्याला लांबून दिसतो. सहदेवच्या स्वतःच्या डोक्यात एक होता, आणि तो अगदी वरच्या थरात होता. टक्कल केलं की केस दाट येतात. हे खोटं आहे हे त्यानं वाचलं होतं, ग्रुपवर स्वतःच टाकलंही होतं. तरी रोज आंघोळीनंतर आरशासमोर उभं राहिलं की वाटायचं, एवढे लोक म्हणतात, तर काहीतरी असेलच ना. तेल्हाऱ्याच्या भाच्याचं लग्न तोंडावर होतं, आणि मागच्या लग्नाच्या अल्बममध्ये फ्लॅशचा सगळा उजेड त्याच्याच डोक्यावरून परतला होता.

संधीही चालून आली. मायाच्या आईचं, पार्बताबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि माया शुक्रवारी आठ दिवसांसाठी माहेरी, हिवरखेडला गेली. ती परत येईपर्यंत केस बऱ्यापैकी उगवतील आणि तिला कळणारही नाही, असा सहदेवचा अंदाज होता. (हाही गैरसमजच.)

ओळखीच्या न्हाव्याकडे गेलं तर बोभाटा होणार, म्हणून तो पार स्टेशनकडच्या एका सलूनमध्ये गेला. सलूनवाल्याचं नाव श्याम. सहदेव खुर्चीत बसला आणि हळूच म्हणाला, “सगळे काढा.”

श्यामनं आधी भिंतीवरचा टीव्ही बंद केला.

“मिशी बी?”

सहदेवनं विचार केला. मिशीही पातळच झाली होती. “मिशी बी.”

पाणी मारता मारता श्यामनं आवाज खाली आणला. “वय काय भाऊ?”

“सत्तेचाळीस.”

“काहीच वय नाही हे.”

“तेच तर म्हणतो. या वयात सगळं गेलं.”

“कशानं?”

“टेन्शन. आन् दुसरं म्हंजे बोअरचं पाणी.”

श्यामचा वस्तरा मधेच थांबला. त्यानं कोपऱ्यातल्या पाण्याच्या माठाकडे पाहिलं, आणि त्या दिवशी त्या सलूनमध्ये पुन्हा कोणी त्या माठातलं पाणी प्यायलं नाही.

डोक्यावर टोपी घालून सहदेव घरी आला. कुलूप काढताना टोपी पडली. नेमके तेव्हाच समोरचे गफ्फारभाई, म्हणजे गादीघरवाले अब्दुल गफ्फार, दारात उभे होते. त्यांनी ते गुळगुळीत डोकं पाहिलं, मिशीची रिकामी जागा पाहिली, आणि दोन दिवसांपासून वहिनी दिसली नाही हेही त्यांना आठवलं. ते हळूहळू रस्ता ओलांडून आले.

“सहदेवभाऊ,” ते म्हणाले, “भाभी...”

“गेली ना,” सहदेव म्हणाला. त्याचं लक्ष टोपी उचलून डोकं झाकण्यात होतं. “शुक्रवारीच गेली.”

गफ्फारभाईंनी दाराची चौकट धरली. “आमाले काही कळलं बी नाही.”

“कशाले सांगायचं सगळ्याइले? सकाळी सकाळी गेली. कधीची म्हणत होती, जायचं हाय, जायचं हाय. मीच आडवत होतो. मंग म्हटलं, जा बापा एकदाची.”

“तकलीफ?”

“काही नाही. खिडकीजवळ जागा भेटली.”

गफ्फारभाईंना हे काही समजलं नाही. पण दुःखात माणूस असंबद्ध बोलतो, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. “घरात एकलं वाटत असन.”

आता खरं म्हणजे इथं सहदेवनं ‘हो’ म्हणून दार लावून घ्यायला हवं होतं. पण रविवार होता, टीव्हीचा रिमोट त्याच्याच हातात होता आणि डोक्याला वारा लागत होता.

“खरं सांगू गफ्फारभाई,” तो म्हणाला, “मोकळं मोकळं वाटून राह्यलं.”

संध्याकाळी गफ्फारभाईंच्या आयशाबी डबा घेऊन आल्या. वरण, भात, पोळ्या आणि वांग्याची भाजी. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही हे त्यांना ठाऊक होतं. सहदेवला वाटलं, मायाच सांगून गेली असणार. जाताना एवढी काळजी केली बिचारीनं, या विचारानं त्याला भरून आलं. डोळे पाणावलेले पाहून आयशाबींनीही पदर डोळ्यांना लावला. मग सहदेवनं विचारलं, उद्याही वांगंच असेल का?

दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांनी त्याला पाहिलं, उठून उभे राहिले आणि घरी जायला सांगितलं. तेरा दिवस येऊ नका म्हणाले. पंचवीस वर्षांच्या नोकरीत साहेबानं न मागता सुट्टी दिली नव्हती. आपल्या कामाची कुठेतरी नोंद होते तर, असं मनाशी म्हणत सहदेव घरी येऊन झोपला.

एकच पंचाईत होती. माया रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची, आणि तो काही सहदेवला घेता येईना. पहिल्या दिवशी त्यानं सांगितलं, नेट नाही. दुसऱ्या दिवशी, कॅमेरा खराब झाला. तिसऱ्या दिवशी त्यानं कॉल घेतला, पण पूर्ण वेळ पंखा दाखवला. मायानं आईच्या डोळ्यात थेंब घातले आणि म्हणाली, “माय, मी उद्या घरी जातो. हा माणूस काहीतरी लपवून राह्यला.”

इकडे गफ्फारभाईंना राहवेना. घरात पाहुणा नाही, रावळा नाही, माणूस एकटाच डबा खातो आणि दुपारभर झोपतो. सहदेवच्या मोठ्या बहिणीनं, अमरावतीच्या गोदाबाईनं, त्यांच्याकडून गाद्या करून घेतल्या होत्या, तिचा नंबर त्यांच्याकडे होता. त्यांनी तिला कळवलं. गोदाबाईनं भावाला फोन केला नाही. असली गोष्ट काय फोनवर विचारायची असते? ती हातातलं पीठ तसंच टाकून बसमध्ये बसली.

अंगणात पोचताच तिनं गळा काढला. सहदेव लुंगीवर बाहेर आला, तशी तिनं त्याला मिठीच मारली. मागून गफ्फारभाई, आयशाबी आणि भेटायला आलेले कचेरीतले चौघं खाली मान घालून उभे राहिले.

“कशी रे गेली माया?”

“हिवरखेडच्या गाडीनं गेली,” सहदेव गुदमरत म्हणाला. “बाई, तू काहून रडून राह्यली?”

“एक्सिडेंट झाला का गाडीचा?”

“कोणत्या गाडीचा?”

तेवढ्यात फाटकासमोर ऑटो थांबला आणि पिशवी घेऊन माया उतरली. तिनं अंगणातली माणसं पाहिली. नवऱ्याचं डोकं पाहिलं. तिच्या हातातली पिशवी गळून पडली.

“कोण गेलं?” तिनं विचारलं.

सगळे एक पाऊल मागे सरकले. शेवटी गफ्फारभाई पुढे आले, कारण कोणीतरी सांगायला हवंच होतं.

“भाभी,” ते म्हणाले, “तुमी.”

मग जो काय खुलासा व्हायचा तो झाला. केसांचं बाहेर आलं तेव्हा कचेरीतले चौघं एकमेकांकडे न पाहता निघून गेले. गोदाबाईनं डोळे पुसले आणि भावाच्या पाठीत एक धपाटा घातला, तो चांगला लागला. सहदेवला वाटलं, सुटलो. पण माया आयशाबींना बाजूला घेऊन बसली होती.

“रडले तरी का वो हे?”

आयशाबी खोटं बोलत नसत. “थोडेसे रडले. मंग भाजी मागतली.”

“आनखी काय म्हणे?”

आयशाबींनी नवऱ्याकडे पाहिलं. गफ्फारभाईंनी आभाळाकडे पाहिलं. “मोकळं मोकळं वाटते म्हणे.”

मायानं पदर खोचला. ते पाहून गोदाबाई घाईनं म्हणाली, “जाऊ दे वो माया. मरणाची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढते. तुह्यं वाढलं समज.”

सवयीनं सहदेवचं तोंड उघडलं. “असं काही नसते बाई, याले कोणताच...”

मायानं त्याच्याकडे पाहिलं.

“...याले कोणताच अपवाद नाही,” सहदेव म्हणाला. “शंभर टक्के खरं हाय.”

त्यानंतर पुष्कळ दिवस गावंडेंच्या घरी वांगं शिजलं नाही. माया शेजारी भेटेल त्याला ‘मी अजून आहे’ म्हणून सांगायची, आणि सांगताना आवाज थोडा मोठा ठेवायची. भाच्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये सहदेव फेटा बांधून बसला आहे, मांडवात, जेवताना आणि हात धुतानाही. केस उगवले. जेवढे होते तेवढेच, जिथं होते तिथंच.

एक दिवस तो तणतणत स्टेशनकडच्या त्या सलूनमध्ये गेला. श्यामनं ओळखलं, खुर्ची पुसली. सहदेवनं त्याला डोकं दाखवून सुनावलं, की टक्कल केल्यानं केस दाट येतात हा शुद्ध गैरसमज आहे, लोकांनी विचार करायला शिकलं पाहिजे, आणि हे तो आता अनुभवानं सांगतो आहे.

श्यामनं शांतपणे ऐकून घेतलं. “एका टायमानं काय होते साहेब?” तो म्हणाला. “तीन टाइम करा लागते.”

सहदेवनं दाराबाहेर कोणी ओळखीचं नाही ना हे वळून पाहिलं, आणि खुर्चीत बसत हळूच विचारलं, “लागोपाठ, का मधात गॅप ठेवून?”