खलनायकाला तारीख

सिनेमातल्या खलनायकालाही वकील मिळाला पाहिजे, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दानियलकाका. मंगरूळपीरच्या कोर्टात ते पट्टेवाले आणि मी नवा कारकून. पुकारा करायचं काम त्यांचं. ते 'हाजिर हो' म्हणाले की आवारातल्या चहावाल्याचाही हात थांबायचा.

त्या वर्षी गावाबाहेर टुरिंग टॉकीजचा तंबू पडला आणि मला वेडच लागलं. मुखवटा घातलेला, हवेत उडणारा हिरो! एका ठोशात चार गुंड आडवे! मी शिट्ट्या मारायचो, शेजारी काका हरकती घ्यायचे.

"नोटीस नाही, साक्षीदार नाही, सरळ भिंतीवर आपटून राह्यला. आन् तोंड काहून झाकलं यानं?"

मागचे लोक खेकसायचे, पण काका सगळ्यांना पुरून उरायचे. रविवारी न चुकता प्रार्थनेला जाणारे ख्रिस्ती. कायदा संपला की शास्त्र काढायचे. येशूच्या शेजारी वधस्तंभावर लटकलेल्या चोराला शेवटच्या घडीला माफी मिळाली, मग खलनायकाला का नाही, हा त्यांचा मुद्दा. शिवाय खरा तारणारा मार देत नाही, स्वतः खातो. शेवटी खलनायक कड्यावरून पडायचा तेव्हा ते डोळे मिटून घ्यायचे. तरी रोज यायचे.

त्या हरामखोराचा एवढा पुळका का, असं मी एकदा कोर्टातल्या जुन्या कारकुनाला विचारलं, तेव्हा कळलं. काकांच्या मुलाला, शमुवेलला, सायकलचोरीवरून बाजारात लोकांनी बेदम मारलं होतं. तो जामिनावर सुटला आणि तारखेच्या आधीच गाव सोडून गेला. कोर्टात त्याच्या नावाचा पुकारा काकांनाच करावा लागला होता.

शेवटच्या खेळाला कमाल झाली. हिरोनं कड्यावर खलनायकाची कॉलर धरली आणि रीळ तुटलं. दिवे लागले, पब्लिक बोंबलू लागलं. काका उभे राहिले आणि कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "तारीख पडली." सगळा तंबू हसला. ऑपरेटरनं तुटका भाग कापून रीळ जोडलं, तर पडद्यावर एकदम हिरोचं लग्न! खलनायकाचं पडणंच गायब. लोक पैसे परत मागू लागले. काकांनी माझा दंड घट्ट धरला.

"वाचला बाबू, वाचला तो."

मला इतका आनंद झाला की मी जोरात शिट्टी मारली. काका मात्र पडद्याकडे पाहतच नव्हते. तंबूच्या दाराकडे तोंड करून त्यांनी पुकारा केला, "शमुवेल दानियल, हाजिर हो." मग घरातल्या आवाजात, अगदी हळू म्हणाले, "ये बापू. आता कोनी मारत नाही."