महादूशेठचं ‘न्हाय’

कोन गावातल्या आपल्या घरात झोपाळ्यावर बसून महादूशेठ टीव्हीवर ओरडत होते. पडद्यावर सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर जुन्या पेन्शनसाठी संपावर बसल्या होत्या.

"काम न्हाय, धाम न्हाय, मरंपर्यंत बसून खायला पायजे यांना!"

"तुमी पन बसूनच खाता," जानकीबाई चहा ठेवत म्हणाल्या. वळ गावातल्या गोदामांचं भाडं महादूशेठना घरबसल्या मिळत असे.

"ती माजी जमीन हाय! अन् संप म्हंजे..."

संप म्हणजे काय, हे सांगण्याआधीच त्यांना जांभई आली. वालाच्या भाजीवर येते तशी, पोटातून निघालेली, ऐसपैस. कानाजवळ कट्ट झालं आणि उघडलेलं तोंड उघडंच राहिलं.

"मिटा आता," जानकीबाई म्हणाल्या.

"आऽऽ!"

गावातल्या डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं. "जबडा निखळलाय. सरकारी दवाखान्यात न्या, तिथे बसवतील." दवाखान्याचं नाव ऐकून महादूशेठचे डोळेही तोंडाएवढे झाले.

रिक्षावाला आरशातून सारखा मागे बघत होता. "चाचा, मुंह बंद करो, धूल जाएगी."

"बंद व्हत असता तं तुझ्या रिक्षात कशाला बसलो असतो?" जानकीबाई म्हणाल्या.

दवाखान्याच्या फाटकातच संपाचा मांडव होता. महादूशेठ हात उंचावून, तोंडाकडे बोट दाखवत आत घुसले. आ वासलेला माणूस हात वर करून येतोय म्हटल्यावर मांडवातल्या लोकांना तो घोषणा देतोय असंच वाटलं. टाळ्या पडल्या. जनमत गोळा करत फिरणाऱ्या मनाली नावाच्या बातमीदार मुलीने लगेच माईक पुढे केला.

"काका, संपाला तुमचा पाठिंबा आहे?"

आता वाचकांनी जरा तोंड वासून ‘न’ म्हणून पाहावं. जीभ वर टेकवायची तर जबडा वर यायला हवा. महादूशेठनी जिवाच्या आकांताने ‘न्हाय’ म्हटलं. बाहेर पडलं, "हाय!"

"म्हणजे जुनी पेन्शन मिळायलाच हवी?"

"हाय! हाय!"

मांडवाने ते उचललं. "सरकारचं धोरण हाय हाय!" कुणीतरी महादूशेठच्या गळ्यात हारही घातला.

"अगं, घोषणा कसली! जबडा निखळलाय यांचा!" रुचिका नावाची सिस्टर हातातला फलक टाकून धावली. "चला काका. संप असला तरी इमर्जन्सी चालू ठेवलीय आम्ही."

आत तिने महादूशेठचं डोकं घट्ट धरलं, डॉक्टरांनी दाढांवर अंगठे दाबले आणि जबडा जागेवर बसला. डॉक्टरांनी हनुवटीपासून टाळूपर्यंत करकचून पट्टी बांधली. "आठवडाभर तोंड उघडायचं नाही. मानही फार हलवू नका."

मनालीचा व्हिडिओ त्यांच्याआधी कोनला पोचला होता. नाक्यावर जो तो विचारू लागला, "शेठ, तुमी संपाच्या बाजूनं?" मिटल्या दातांतून महादूशेठ ‘न्हाय’ म्हणत आणि ऐकू येई, "हूं!"

दुसऱ्या दिवशी रुचिकाच घरी आली. "काका, फाटकातून मांडव काढायला सांगितलाय. तुमच्या घरासमोरचं मैदान द्याल का? तुमचा पाठिंबा सगळ्यांनी पाहिलाय."

महादूशेठनी दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"बस बस म्हणतायत," जानकीबाई म्हणाल्या.

रुचिका बसली, पण तिला शंका आली. "काकू, नक्की काय म्हणणं आहे यांचं?"

नवऱ्याची ती वटारलेली, ‘न्हाय’ म्हणणारी नजर जानकीबाईंच्या चांगल्याच ओळखीची होती. नव्या साडीपासून भावाच्या घरी जाण्यापर्यंत सगळ्याला तीच नजर मिळत आली होती. त्यांनी जरा विचार केला.

"पोरी, ती पेन्शन तुमच्याच हातात पडते?"

"हो काकू. म्हातारपणी कुणापुढे हात पसरावा लागत नाही."

"नवऱ्यापुढं पन न्हाय?"

"त्याच्यापुढे तर अजिबात नाही."

जानकीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग पदर खोचून त्या उठल्या. "हां बोलतायत. घाला मांडव. सगल्यांना चहा मी धाडते."

"हूंऽऽ!" महादूशेठ झोपाळ्यावरून ताडकन उठले.

"बघ," जानकीबाई म्हणाल्या, "चहाला पन हां बोलले."