बंद दालनात उजेड दाबिला, त्याची हकीकत

ऐक गड्या, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. उजेडास नमन, अंधारास दुप्पट नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ मास. एका राज्यी शाल्मलीबाई नामे प्रकाशविद्येच्या सरदार होत्या, आणि कामातले जोडीदार यशोधनपंत, आणि दोघांनी मिळून चिपेवर मोहरीच्या दाण्याहून लहान कडे कोरिले होते. आता उजेड म्हणजे कसा, किती शांत केला तरी बारीक थरथरतोच, काळोखातसुद्धा ती थरथर असते. पण कड्यात लेझर गरागरा फिरविला, तर थरथर एका अंगाने दाबता येते, मग ती दुसऱ्या अंगाने फुगते. दाबल्या अंगाने ती काळोखाहूनही शांत व्हावी, हीच मोहीम. परंतु कडे सूर धरीना. जरा वारा आला, जवळ कोणी बोलले, की बिघडलेच. म्हणून बाईंनीच दंडक घातला, की कडे सुरात असता दार उघडणे नाही, आत शब्द काढणे नाही, खुद्द महाराज आले तरी नाही. आणि पंत म्हणाले, महाराजांस इकडची वाट तरी ठाऊक आहे का. मग काय झालं, दरबारचा हुकूम सुटला, की आज फत्ते न झाल्यास उद्या दालन दुसऱ्या खात्यास द्यावे. आणि पंतांस परमुलखातून चाकरीचे बोलावणे आले, गाडी येऊन उभी राहिली. आणि नेमके त्याच दुपारी कडे सुरात आले, आणि यंत्राच्या पडद्यावरची थरथरीची रेघ काळोखाच्या रेघेखाली उतरू लागली. तिथे ती घटकाभर टिकली पाहिजे, तरच खरी. इतक्यात पंत दाराच्या काचेशी आले. दंडक जाणून दारास हात लाविला नाही, हळूच म्हणाले, "शाल्मली, एक शब्द बोल, मी जात नाही." रेघ थरारली आणि सावरली. बाईंच्या ओठांशी शब्द आलाच होता, कैक महिने तिथेच तर होता. पण त्यांनी तोंडावर हात दाबला, आणि निदान कारण कळावे म्हणून पडदा काचेकडे फिरविला. पंतांनी रेघ पाहिली, डोळे भरून हसले, आणि हेच उत्तर समजून मान लववून निघाले. मग घटका भरली, रेघ टिकली, आणि बाई धावत दाराशी गेल्या, तो बाहेर कोणी नाही, आणि खाली गाडीही नाही.

येणेप्रमाणे त्या राज्यी काळोखाहून शांत उजेड निर्माण जाहला, दालन बाईंकडेच राहिले, आणि त्या रोज संध्याकाळी काचेशी उभ्या असतात. आता खरं सांग गड्या, तू असतास तर बोलला असतास?