बशीभर भीती

माणूस जन्मतःच भित्रा असतो, परंतु त्याच्या भीतीला शिस्त नसते. तो अवेळी घाबरतो, भलत्याच गोष्टीला घाबरतो, आणि त्याच्या घाबरण्याचा कोणाला काडीचाही उपयोग होत नाही. हा अपव्यय थांबवण्याचं कार्य आमचा विभाग करतो. आम्ही भयपटांचे ट्रेलर बनवतो. भयपट दुसरे लोक बनवतात. त्यांच्याबद्दल आम्हाला सहानुभूती आहे.

सर्वसाधारण भयपटात भीतिदायक मजकूर अडीच मिनिटांचा असतो. ट्रेलरही अडीच मिनिटांचाच असतो. (उरलेल्या दोन तासांत पात्रं नव्या घरात सामान लावतात.) काही टीकाकार याला फसवणूक म्हणतात. आम्ही सारांश म्हणतो.

आमचं मुख्य भांडवल शांतता. ती आधी भरपूर पसरायची आणि मग तिच्यावर एकदम काहीतरी आपटायचं, एवढंच आमचं शास्त्र. बाकी सगळे शिष्टाचार. ट्रेलरमधल्या घरात वीज असते, बटणं असतात, पण दिवा लावायची पद्धत नसते. आवाज आला की पळून न जाता आवाजाच्या दिशेनं जायचं आणि जाताना ‘कोण आहे?’ असं विचारायचं. (आजवर कोणीही उत्तर दिलेलं नाही, तरी विचारणं बंद झालेलं नाही.) आधी कपाटातून मांजर उडी मारतं, हा खोटा दचका. प्रेक्षक हुश्श म्हणून खांदे सैल सोडतो, आणि ते सुटले की खरा दचका द्यायचा. लहान मुलांचं कुठलंही गाणं निम्म्या वेगानं वाजवलं की भुताचं होतं. कानाला कळणार नाही पण पोटात घुमेल असा एक आवाज सगळ्याच्या तळाशी सोडलेला असतो. तो आमच्या जुन्या फ्रीजचा आहे. हाड मोडल्याचा आवाज काकडीचा. आमच्या आवाजवाल्या बाई सकाळी काकड्या मोडतात आणि दुपारी डब्याबरोबर सगळ्यांना वाटतात.

आता प्रश्न असा की भीती मोजायची कशी. घाबरणं आतल्या आत होतं, दचकणं बाहेर दिसतं. म्हणून विभागानं दचकण्यासाठी एक माणूस पगारी नेमला होता. त्याला पडद्यासमोर बसवायचं, हातात काठोकाठ भरलेला कप आणि खाली बशी द्यायची. बशीत सांडलेला चहा हे आमचं माप. पाव बशी म्हणजे मुलाबाळांसह बघण्याजोगा. अर्धी बशी म्हणजे बरा. पूर्ण बशी भरली की निर्माता मला मिठी मारायचा, आणि चहा शर्टावर गेला तर चित्रपट सुट्टीचा मुहूर्त बघून लावायचे. या माणसाचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. सगळे त्याला दचक्या म्हणत आणि त्यालाही ते आवडायचं. “बाकीचे काम करतात, साहेब,” तो म्हणायचा, “माझं आपोआप होतं.”

मग एके दिवशी ट्रेलर संपला आणि बशी कोरडी होती. आम्ही पुन्हा लावला. “आता मांजर,” दचक्या म्हणाला, आणि मांजर आलं. “आता ती आरसा पुसणार. पुसला की मागं बाई.” बाई आली. तिच्याकडे बघत त्यानं शांतपणे एक घोट घेतला. आमच्या धंद्यात अनुभवासारखा दुर्गुण नाही.

मालकांना कळवणं भाग होतं. मालक मितभाषी आहेत. “बशी भरा, नाहीतर माणूस बदला,” एवढंच ते म्हणाले. दचक्याच्या नोकरीवर बेतलं होतं आणि ते त्याला ठाऊक होतं. त्यानं एकदा खोटं दचकूनही पाहिलं, पण चहा आवाजाच्या आधीच सांडला. आवाजवाल्या बाईंनी मान फिरवली. मलाही ते बघवलं नाही.

शेवटी शास्त्रीय दृष्टिकोन म्हणून मी त्याच्या बायकोला बोलावून घेतलं. ती रेकॉर्डिंगच्या खोलीत मांडीवर पर्स धरून बसली.

“वहिनी, घरी हा कशाला घाबरतो?”

“हे? पालीला नाही, अंधाराला नाही. माझ्या वडिलांनासुद्धा नाही घाबरत.”

“मग कशालाच नाही?”

ती जरा लाजली. “एक आहे. हे विचारतात, काय झालं? मी म्हणते, काही नाही. मग यांना जेवण जात नाही.”

आवाजवाल्या बाईंनी माईक तिच्यापुढे सरकवला.

नवा ट्रेलर असा झाला: काळा पडदा. घरात चालणारी पावलं थांबतात. पुरुषाचा आवाज विचारतो, “काय झालं?” मग शांतता. (शिल्लक होती तेवढी सगळी आम्ही इथे ओतली.) मग बाईचा आवाज येतो, “काही नाही.” आणि आत कुठेतरी एक पातेलं, लागतं त्यापेक्षा किंचित जोरात, ओट्यावर ठेवलं जातं.

दचक्याची बशी भरून वाहिली. चहा शर्टावर, खुर्चीवर आणि माझ्या बुटात गेला. मालक दोन वेळा लग्न केलेले. त्यांना धरून बसवावं लागलं. दचक्या ओल्या शर्टानं हसत होता. “जमलं, साहेब,” तो म्हणाला. त्याची नोकरी वाचली म्हणून मला मनापासून आनंद झाला, हे मी इथे नमूद करतो.

चित्रपटात हा प्रसंग नव्हता. (चित्रपट एका विहिरीबद्दल होता.) तरी कोणी तक्रार केली नाही. जोडपी आली, शेजारीशेजारी बसली आणि अख्खा चित्रपट एकमेकांशी बोलली नाहीत. एवढ्या उच्च दर्जाची शांतता आम्हाला स्टुडिओत कधी साधली नव्हती. पुढे लोकांनी आणखी सहकार्य केलं. ट्रेलर बघताना बायका नवऱ्यांचं चोरून चित्रण करू लागल्या आणि ते दचके जगभर पाठवू लागल्या. आमच्या पाहणीप्रमाणे दर शंभर नवऱ्यांमागे एकशे चार दचकले. (काही दोनदा.)

मालकांनी ते दचके पाहिले आणि मला बोलावलं. “एवढे लोक फुकट दचकतायत,” ते म्हणाले, “मग आपण एकाला पगार का देतो?” या तर्कात खोट नव्हती. मी ती शोधलीही नाही, कारण शोधली असती तर पगारावरच्या दुसऱ्या माणसाचा विषय निघाला असता, आणि तो दुसरा माणूस मी होतो.

दचक्याला केबिनमध्ये बोलावलं. तो सवयीप्रमाणे कपबशी घेऊनच आला. मी पेन खाली ठेवलं, दार लोटून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत राहिलो. हे सगळं आमच्या नियमांप्रमाणेच झालं, पण मी मुद्दाम केलं नव्हतं.

“काय झालं, साहेब?” त्यानं विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो.

कपात एक थेंबही उरला नाही. विभागाच्या इतिहासातला तो उच्चांक आहे.

संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. “साहेब, हे आल्यापासून गप्प आहेत. काय झालं विचारलं तर म्हणतात, काही नाही. ऑफिसात काही झालंय का?” तिच्या आवाजात जे होतं ते टिपायला बाईंचा माईक हवा होता. मला फार वाईट वाटलं. तिला काय सांगायचं ते मला माहीत होतं, आणि मी तेच दोन शब्द सांगितले.

दचक्याची जागा रिकामी आहे असा गैरसमज कृपया नसावा. ती भरलेली आहे. ते काम सध्या तुम्ही बघता. पगार नाही, तिकीट तुमचं तुम्ही काढता, चहाही घरचाच, आणि दचकून झालं की तोच ट्रेलर तुम्ही होऊन मेहुण्याला पाठवता. तुमच्या कामाबद्दल मालक समाधानी आहेत. फक्त परवा ते तुमच्या बशीकडे जरा वेळ बघत उभे होते. का, ते मी विचारलं.

काही नाही, म्हणाले.