शंभर पाडणारा सोऱ्या

नियम कसा लिहावा, हे यशोधन कर्णिककडून शिकावं. दोह्याजवळच्या लुसैलमध्ये एका टॉवरच्या बांधकामावर तो सेफ्टी ऑफिसर होता, आणि त्याच्या नियमांतून मुंगीलासुद्धा हेल्मेटशिवाय आत जाता येत नसे. त्यामुळे मुलीच्या शाळेने पालक समितीकडे शस्त्रबंदीचा नियम मागितला, तेव्हा ते काम त्याने स्वतःकडे ओढूनच घेतलं.

"तीन वाक्यांत काम खलास!" तो बायकोला ऐकवत होता. "हत्यार सापडलं की शाळेतून नाव कमी. वस्तूचं नाव बघायचं नाही, ती काय करू शकते ते बघायचं. आणि खुलासा कोणाचाही ऐकायचा नाही!"

"अरे, थोडी अक्कल वापरायला जागा ठेव की," अनुजा म्हणाली.

"अक्कल म्हणजेच फट! या नियमात एक फट दाखव, मिशी उतरवीन!"

मिशी साधीसुधी नव्हती. लग्नाच्या फोटोत मुंडावळ्यांच्या आडूनही तीच आधी दिसते. अनुजाने मिशीकडे एकदा बघितलं आणि ती कामाला लागली.

पुढे दिवाळी तोंडावर आली. दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागात यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारी रत्नागिरीची फरजाना अनुजाची मैत्रीण. चकल्यांचं पीठ अनुजाने भिजवायचं आणि पाडायचं काम फरजानाचं, असं ठरलं होतं, पण तिच्या सोऱ्याचे आटे झिजले होते. तिची मरियम आणि यांची भैरवी एकाच वर्गात, त्यामुळे दोन घरांतले डबे, पातेली, मसाले सगळं पोरींच्या दप्तरातूनच फिरायचं. अनुजाने आपला पितळी सोऱ्या भैरवीच्या दप्तरात घातला, मरियमच्या आईला द्यायचा निरोप पढवला आणि तिला बसमध्ये बसवलं.

यशोधन साइटवर कोणाला तरी झापत होता, तेवढ्यात प्रिन्सिपल अंजना मॅडमचा फोन आला.

"मिस्टर कर्णिक, ताबडतोब या. आजच्या तपासणीत भैरवीच्या दप्तरात हत्यार सापडलंय."

लुसैलपासून शाळेपर्यंत एकही सिग्नल हिरवा मिळाला नाही. ऐन वर्षाच्या मध्यावर नाव कमी झालं तर दोह्यात दुसरी जागा कुठे मिळणार? म्हणजे मायलेकी साताऱ्याला, आणि हा इथे एकटा! आणि हे सगळं आपल्याच तीन वाक्यांमुळे, हे आठवून त्याला रडूच येऊ लागलं.

ऑफिसात टेबलावर सोऱ्या आडवा ठेवला होता. खुर्चीत भैरवी, डोळे सुजलेले. सिक्युरिटीचा मुख्य खलील टेबलापासून चार पावलं लांब उभा.

"हे काय आहे विचारलं, तर नुसती सॉरी सॉरी म्हणते," खलील इंग्रजीत म्हणाला.

"आय सेड सोऱ्या!" भैरवी हुंदके देत ओरडली.

भैरवीला मराठी सगळी कळायची, पण तोंडातून यायची इंग्रजीच. आईचा निरोप तिने शब्दाला शब्द लावून सांगितला होता. मॅडमनी तो गंभीर आवाजात परत ऐकवला: "हे मरियमच्या आईला द्यायचंय. ती आज रात्रीत शंभर पाडणार आहे. मागच्या वेळी माझ्या आईच्या तोंडासमोर स्फोट झाला. या वेळी आईने माल घट्ट केलाय."

मंडळी, चकल्या पाडतात आणि पीठ सैल झालं की त्या तेलात फुटतात, हे तुम्हाआम्हाला कळतं. इंग्रजीत गेल्यावर मात्र त्याच फराळाचा दारूगोळा झाला होता.

"मॅडम, मी एक्सप्लेन करतो..."

"खुलासा ऐकायचा नाही." मॅडमनी भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या नियमाकडे बोट दाखवलं. "तुमचंच वाक्य."

"अहो, पण कॉमन सेन्स..."

"तो शब्द मी घातला होता. तुम्ही खोडलात."

यशोधन फ्रेमकडे वळला. मग त्याला दुसरं वाक्य आठवलं. "काय करू शकते ते बघायचं! बघा ना मॅडम, दाखवतोच!" त्याने अनुजाला फोन लावला. "भिजवलेली भाजणी घेऊन शाळेत ये! यल्ला, लवकर!"

"शाळेत? कशाला?"

"पाडायला!" यशोधन ओरडला.

खलील आणखी एक पाऊल मागे सरकला.

अनुजा पिठाचा डबा घेऊन धावत आली, बरोबर फरजाना.

"अवो भाऊजी, ह्याला बघून आमच्याकडं कोन घाबरत नाय, खाली ताटली धरतात!" फरजाना म्हणाली. पण हाही खुलासाच! मॅडमनी पुन्हा फ्रेमकडे बोट केलं.

"पीठ घट्ट आहे, पाण्याचा हात लाव. आणि खालचं झाकण नीट फिरव," अनुजा म्हणाली.

"मला शिकवू नकोस!" यशोधनने पीठ कोंबलं आणि दांडा फिरवला. काही येईना. त्याने दात-ओठ खाऊन, सगळी ताकद लावून पुन्हा फिरवला.

फाट्!

झाकण सुटलं, आतली चकती टेबलावर टप्पा घेऊन उडाली आणि थेट भिंतीवरच्या फ्रेमवर बसली. काच खळ्ळकन खाली आली.

"काय करू शकते ते बघितलं," मॅडम हळूच म्हणाल्या.

 यशोधन मटकन खाली बसला. "मॅडम, नियम माझा, हात माझा. पोरीला काढू नका हो!"

बापाला असं बसलेलं भैरवीने कधी बघितलं नव्हतं. तिने बाहीला नाक पुसलं, चकती उचलून पुसली, जागेवर बसवली. पिठाला पाण्याचा हात लावला, झाकण घट्ट फिरवलं आणि मॅडमच्या टेबलावरच्या कोऱ्या कागदावर सोऱ्या धरला. हळूहळू तीन वेढ्यांची काटेरी चकली कागदावर उतरली.

मॅडमनी कागद जवळ ओढून चकली निरखली. मग म्हणाल्या, "वन मोर."

त्या दिवशी नियमात चौथं वाक्य आलं, तेही यशोधनच्याच हस्ताक्षरात: वस्तू कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी, हे आधी विचारायचं. भैरवीचं नाव राहिलं. कर्णिकांनी मात्र शाळेच्या आवारात सोऱ्याला हात लावायचा नाही, असं मॅडमनी तोंडी बजावलं.

गाडीत अनुजा सगळा रस्ताभर मिशीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोधन गुळगुळीत चेहऱ्याने साइटच्या गेटवर पोचला. नवा गार्ड इलियास पास बघे, मग याच्याकडे बघे.

"साहेब, फोटोत मिशी आहे."

"अरे, मीच तो! काल काय झालं, ऐक तर..."

इलियासने अदबीने मागच्या बोर्डाकडे बोट केलं. चेहरा जुळत नसल्यास प्रवेश नाही. खुलासा ऐकला जाणार नाही. खाली सही यशोधनचीच होती.

"थांबा, मी सेफ्टी ऑफिसरसाहेबांनाच विचारतो," असं म्हणून इलियासने फोन लावला, आणि यशोधनच्या खिशात रिंग वाजायला लागली!